उंदीर, पेन्सिल आणि घरातली मराठी

भिलाई म्हटले की पोलाद आठवते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, दुर्ग शहराशेजारी कारखाना उभा राहू लागला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली राजहराच्या खाणींतले लोहखनिज, नंदिनीची चुनखडी आणि कारखान्यातून बाहेर पडणारे रेल्वेचे लांबच लांब रूळ यांची माहिती भिलाईतल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. मात्र मैत्रीच्या त्या दशकांत यंत्रांच्या पेट्यांखेरीज आणखी एक वस्तू सोव्हिएत देशातून भारतात येत होती आणि ती वजनाने अगदीच हलकी होती. ती म्हणजे मुलांची चित्रपुस्तके.

त्या पुस्तकांचे रंग दाट असत, चित्रे पानभर असत आणि किंमत मध्यमवर्गीय खिशाला सहज मानवणारी असे. मॉस्कोची ‘प्रगती’ आणि पुढे १९८२ पासून ‘रादुगा’ या प्रकाशनसंस्था ती हिंदी, मराठी, बंगाली अशा अनेक भारतीय भाषांत छापून पाठवीत. मराठी वाचकांच्या एका पिढीला अनिल हवालदार यांचे अनुवाद आजही आठवतात. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि हा ओघ आटला. बरीच पुस्तके माळ्यावर गेली, काही रद्दीत गेली. पण त्यांतला एक चित्रकार असा निघाला की तो काही केल्या मुलांच्या हातून सुटला नाही.

व्लादिमीर सुतेयेव (१९०३–१९९३) हे मूळचे अ‍ॅनिमेशनपटांचे कलावंत. सोव्हिएत अ‍ॅनिमेशनच्या अगदी पहिल्या पिढीत त्यांची गणना होते. लेखक म्हणून त्यांचे पहिले पुस्तक १९५२ मध्ये आले. त्यात दोनच गोष्टी होत्या, एक पेन्सिलीची आणि एक रंगांची. चित्रपटाची सवय असलेल्या या माणसाने गोष्टही चौकटीचौकटीनेच सांगितली. एका चित्रात पाऊल उचललेले आहे, पुढच्यात ते पडलेले आहे. त्यामुळे मजकूर हाताने झाकला तरी गोष्ट कळते. ही साधी वाटणारी गोष्टच पुढच्या सगळ्या विवेचनाचा पाया आहे.

पेन्सिलीच्या त्या गोष्टीची छोटी हिंदी पुस्तिका भोपाळच्या ‘एकलव्य’ या, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने ‘चूहे को मिली पेंसिल’ या नावाने काढली. हिंदी मुलखातील असंख्य शाळांत आणि घरांत ती पोहोचली. सुतेयेव यांची ‘नाव चली’ ही गोष्टही याच संस्थेने काढली. भिलाईसारख्या गावात, जिथे शाळा, शेजार आणि बाजार सगळेच हिंदीत चालते, तिथल्या मराठी घरातही असे एखादे पातळ पुस्तक सहज येऊन पडते. त्याचे पुढे काय करायचे, एवढाच येथे प्रश्न आहे.

पेन्सिलीचे उत्तर

गोष्ट थोडक्यात अशी. मालक झोपलेला असताना एक छोटा उंदीर टेबलावर चढतो आणि पेन्सिल ओढून बिळात नेतो. त्याचे दात शिवशिवतात, त्याला काहीतरी कुरतडायचे आहे. (हे कारण खोटे नाही. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजविण्यासाठी त्याला सतत कुरतडावेच लागते.) पेन्सिल शेवटची इच्छा म्हणून एक चित्र काढू देण्याची विनंती करते. मग ती एक वर्तुळ काढते. उंदराला ते चीज वाटते. आत तीन लहान वर्तुळे येतात, ती त्याला चीजमधली भोके वाटतात. खाली आणखी एक मोठे वर्तुळ येते, ते सफरचंद ठरते. असे करीत करीत, शेवटी दोन टोकदार कान आणि लांब मिशा उमटतात तेव्हा उंदराच्या ध्यानी येते की समोर मांजर बसले आहे. तो जो बिळात शिरतो तो पुन्हा बाहेर येत नाही. पेन्सिल अजून मालकाकडेच आहे, फक्त झिजून लहान झाली आहे.

या गोष्टीतला पहिला उपक्रम लेखकाने स्वतःच देऊन ठेवला आहे. शेवटी तो वाचणाऱ्या मुलालाच तसे मांजर काढून पाहायला सांगतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘मांजर काढ’ म्हटले तर ते बिचकते किंवा मोठ्यांच्या हातात पेन्सिल देऊन मोकळे होते. ‘एक गोल काढ’ म्हटले तर ते निर्धास्त असते. गोलामागून गोल येतात आणि मांजर आपोआप तयार होते. मांजर काढायचे आहे हे त्याला आधी ठाऊकच नसते, त्यामुळे चुकण्याची भीतीही नसते. कागदाची चिंता नको. बँकेकडून दर वर्षी मिळणाऱ्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेची उलटी बाजू या कामासाठी उत्तम. ती मोठी, जाड आणि कोरी असते, आणि महिना संपला की तिच्यावर कुणाचा हक्कही राहत नाही.

परंतु चित्र काढण्याहूनही मोलाची गोष्ट पेन्सिलीच्या बोलण्यात आहे. उंदीर प्रत्येक वेळी आपला अंदाज सांगतो. पेन्सिल त्याला एकदाही ‘चूक’ म्हणत नाही आणि ‘बरोबर’ही म्हणत नाही. असेल, असे काहीसे म्हणून ती पुढची रेघ काढते. त्या एका ‘असेल’मुळे उंदीर बोलता राहतो, पाहता राहतो, नवनवे तर्क करीत राहतो. घराघरांत पालक नेमके याच्या उलट करतात. पुस्तक उघडले की बोट चित्रावर जाते आणि ‘हे काय आहे, सांग पाहू?’ अशी तोंडी परीक्षा सुरू होते. मूल ‘उंदीर’ म्हणते, पालक ‘शाब्बास’ म्हणतात आणि पान उलटले जाते. मुलाच्या तोंडून एक शब्द निघाला आणि तो त्याला आधीच येत होता.

त्याऐवजी चित्र समोर ठेवून थोडे थांबावे. मूल स्वतः काय पाहते ते ऐकावे. त्याने ‘चेंडू’ म्हटले तर ‘असेल, आणि हा चेंडू कुणाचा असेल?’ असे विचारावे. एका पानावर पाच मिनिटे गेली तरी बिघडत नाही.

या पद्धतीला संशोधनाचाही आधार आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांचे सहकारी यांनी दोन ते तीन वर्षे वयाच्या आसपासच्या मुलांच्या घरी एक प्रयोग केला. दोन्ही गटांतील पालक मुलांना चित्रपुस्तके वाचून दाखवीतच होते. एका गटाला फक्त वाचण्याची रीत बदलायला सांगण्यात आली. ‘होय-नाही’चे प्रश्न कमी करायचे, मोकळे प्रश्न विचारायचे, मुलाच्या उत्तराला थोडे वाढवून परत द्यायचे आणि हळूहळू मुलालाच गोष्ट सांगू द्यायची. महिन्याभरात त्या गटातील मुले बोलण्यात दुसऱ्या गटाच्या स्पष्टपणे पुढे गेली. पुस्तके सारखीच, वेळही जवळपास सारखाच, बदलली होती ती केवळ मोठ्यांची वागण्याची तऱ्हा. सुतेयेव यांच्या पेन्सिलीला हे १९५२ मध्येच कळले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

अक्षरे हिंदी, चित्र कोणाचे?

छत्तीसगढ आणि मराठी यांचे नाते जुने आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता येथे आली आणि बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे घरचे मराठी होते. ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ त्यांनीच हिंदीत नेले. शेजारच्या राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून शिकविणारे गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतले थोर कवी झाले, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीतले. एकाच घरात दोन भाषा सुखाने नांदल्या, याचा याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही.

भिलाईत कारखान्याच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. पहिल्या पिढीने घरी मराठी आणि बाहेर हिंदी असा सोपा नियम पाळला. दुसरी पिढी दोन्हीत तरबेज झाली. तिसऱ्या पिढीचे नातवंड मात्र आजीचे मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. यात कुणाचा दोष नाही. ज्या भाषेत खेळगडी भांडतात तीच भाषा मुलाच्या जिभेवर आधी बसते. आजीला याचे दुःख होते, आणि त्या दुःखापोटी ती जेव्हा ‘मराठीत बोल’ असे दटावते तेव्हा मूल गप्प बसते. घरातली एक भाषा अशीच, कुणी न ठरविता, हळूच मागे सरते.

अशा घरासाठी चित्रपुस्तक ही फार कामाची वस्तू आहे. पुस्तकावर अक्षरे हिंदी असोत वा इंग्रजी, चित्र कोणत्याच भाषेत नसते. ते आजीचेही असते. अक्षरांवर हात ठेवला की ते पुस्तक मराठी होते. पुन्हा मजकूर वाचून दाखविण्याचे बंधन नसल्याने ज्यांना लिहिता-वाचता फारसे येत नाही अशी आजी किंवा पणजीही या खेळात पुरेपूर सहभागी होऊ शकते. तिची गोष्ट पुस्तकाहून निराळी निघाली तर उत्तमच. मुलाला आता दोन गोष्टी मिळाल्या.

यात एक बारकावा आहे, तो पालकांनी ध्यानात घ्यावा. हिंदीत दोनच लिंगे आहेत, मराठीत तीन. म्हणून हिंदी वातावरणात वाढणाऱ्या मुलाचे मराठी सर्वप्रथम नपुंसकलिंगात अडखळते. ‘माझी पुस्तक’, ‘मांजर आला’ असे ते म्हणू लागते. आता गंमत अशी की सुतेयेव यांच्या गोष्टींतली पात्रे आणि वस्तू मराठीत आणून पाहिल्या तर त्यांत नपुंसकलिंगाची नुसती दाटी आहे. मांजर, पिल्लू, फुलपाखरू, अस्वल, सफरचंद, चाक, चित्र. व्याकरणाचा तक्ता भिंतीवर लावून जे साधणार नाही ते या पुस्तकांच्या पानांवर सहज साधते. अट एकच, चूक दुरुस्त करावयाची नाही. मूल म्हणाले, ‘मांजर आला’, तर मोठ्यांनी एवढेच म्हणावे, ‘हो ना, मांजर आलं आणि उंदीर पळाला!’ योग्य रूप कानावर पडले, बोलणेही तुटले नाही. दहा-वीस वेळा असे झाले की मूल आपणहून ‘आलं’ म्हणू लागते.

‘म्याऊ’ कोण म्हणाले, याचा शोध घेणाऱ्या कुत्र्याच्या पिल्लाची सुतेयेव यांची गोष्ट तर भाषांच्या खेळासाठीच लिहिली असावी असे वाटते. झोपलेल्या पिल्लाच्या कानी ‘म्याऊ’ पडते आणि ते कोंबड्याला, उंदराला, मोठ्या कुत्र्याला, मधमाशीला, माशाला, बेडकाला विचारीत फिरते. प्रत्येक जण आपापला आवाज ऐकवितो, मासा अर्थात गप्प राहतो. घरात प्रत्येकाने एकेक प्राणी व्हावे. आजीचा कोंबडा ‘कुकूचकू’ करील, शेजारच्या मित्राचा ‘कुकडू-कूं’, आणि रशियन मुलांचा कोंबडा ‘कुकारेकू’ म्हणतो हे ऐकून मुले खदखदून हसतील. मराठी बेडूक ‘डरांव डरांव’ करतो, हिंदी बेडूक ‘टर्र टर्र’, तर रशियन बेडूक ‘क्वा-क्वा’. बेडूक सगळीकडे तोच, ऐकणाऱ्यांचे कान वेगळे. पाच वर्षांच्या मुलाला भाषा म्हणजे काय हे याहून सोप्या रीतीने सांगता येणे कठीण आहे. खेळ रंगात आला की क्रियापदे आणावीत. कुत्रा भुंकतो, कोंबडा आरवतो, गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, वाघ डरकाळी फोडतो. भिलाईच्या मैत्रीबागेतल्या पांढऱ्या वाघाला पाहून आलेल्या मुलाला ‘डरकाळी’ हा शब्द दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही.

आणखी एक उपक्रम दूरध्वनीचा. नागपूरला, वर्ध्याला, अकोल्याला आजी-आजोबा किंवा मावशी असतेच. मुलाने पुस्तक मांडीवर घ्यावे आणि त्यांना फोनवर गोष्ट सांगावी. येथे चेहरा दिसणारा व्हिडिओ कॉल मुद्दाम टाळावा. समोरच्याला चित्र दिसत असेल तर मूल ‘हे बघ’ म्हणून मोकळे होते. ते दिसत नसेल तर प्रत्येक गोष्टीला शब्द शोधावा लागतो. कोण आले, कुठून आले, त्याच्या हातात काय होते. आजोबांनीही अडाण्याचे सोंग घेऊन मध्ये मध्ये विचारावे, ‘मग पेन्सिल बिळात मावली कशी?’ या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नाही. ते मुलालाच द्यावे लागते, आणि आजोबांना हिंदी समजत नाही असे त्याला एकदा वाटले की ते मराठीतच येते.

सफरचंदाचा न्याय, चाकांचा संसार

भाषेपुढे जाऊन गणित आणि विज्ञान यांच्या वाटाही याच पुस्तकांतून निघतात, आणि त्यासाठी विकतचे साहित्य लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे शिक्षण उभे केले, त्यात भोवतालच्या बिया, पाने, खडे हेच साहित्य होते. स्वयंपाकघर तर त्याहूनही समृद्ध.

सुतेयेव यांच्या एका गोष्टीत रानातल्या झाडावर एकच सफरचंद उरलेले असते. ससा ते पाहतो, कावळा ते तोडतो आणि ते पडते काटेरी हेजहॉगच्या पाठीवर. (आजी याला साळू म्हणेल. म्हणू द्यावे. पुढे कधीतरी सांगावे की आपली साळू मोठी आणि लांब काट्यांची, आणि हा प्राणी ओंजळीत मावेल एवढा.) फळ कुणाचे, यावरून तिघांचे भांडण जुंपते. अस्वल न्याय करते. समान वाटे करायला सांगते. चार वाटे होतात आणि चौथा तंटा मिटविल्याबद्दल अस्वलाला मिळतो.

घरात हे पोळीने करावे. पोळीची एक घडी, मग दुसरी घडी, उलगडली की चार सारखे भाग. अर्धा आणि पाव हे शब्द मुलाने खाऊन शिकावेत. मात्र खरी मजा पुढच्या प्रश्नात आहे. वाटे सारखेच का? पाहणाऱ्याला आणि तोडणाऱ्याला सारखेच का मिळावे? अस्वलाने तर काहीच केले नाही, मग त्याला का? सहा वर्षांची मुले यावर तावातावाने बोलतात, आणि बहुतेकांना अस्वलाचा वाटा खटकतो. व्यवहार, हक्क, मोबदला हे शब्द त्यांना ठाऊक नसतात, पण विषय तोच असतो. मोठ्यांनी येथे निवाडा देण्याचा मोह आवरावा. पेन्सिलीचे ‘असेल’ येथेही कामी येते.

दुसरी गोष्ट चाकांची, आणि पोलादनगरीतल्या मुलांना ती विशेष जवळची वाटावी. माशी, बेडूक, हेजहॉग आणि कोंबडा या चौघांना रानात एक टाकून दिलेली गाडी सापडते. तिची चारही चाके वेगवेगळ्या आकाराची, त्यामुळे गाडी कुणाच्याच उपयोगाची नाही. ससा हसतो. पण हे चौघे एकेक चाक वाटून घेतात. सर्वांत लहान चाकाचा माशी चरखा करते, इतर चाकांतून कुणाची एकचाकी ढकलगाडी होते, कुणाचा विहिरीवरचा रहाट, कुणाची पिठाची चक्की.

नळाचे पाणी आणि गिरणीचे पीठ यांवर वाढलेल्या मुलाने रहाट पाहिलेला नसतो. आजोबांनी तो पाहिलेला असतो. अशा वेळी पुस्तक बाजूला राहिले आणि आजोबांच्या गावची विहीर सुरू झाली तर ती पुस्तकाची फजिती समजू नये, ते त्याचे यश आहे. त्यानंतर घरातील गोल वस्तू गोळा कराव्यात, डब्यांची झाकणे, बांगडी, ताट, सायकलचे चाक. प्रत्येकीवर खडूने एक खूण करून ती जमिनीवर एक पूर्ण फेरी फिरवावी आणि किती पुढे गेली ते दोऱ्याने मोजावे. मग तोच दोरा त्या वस्तूच्या रुंदीवर, म्हणजे मध्यातून आडवा, पुन्हा पुन्हा लावून पाहावा. बांगडी असो वा सायकल, दोरा तीन वेळा पुरतो आणि थोडासा उरतो. ‘पाय’ हे नाव पुढे शाळेत भेटेलच. आज मुलाला एवढेच कळले की लहान-मोठी सगळी चाके एकच गुपित सांभाळून आहेत, तर ते पुष्कळ झाले.

पावसाळ्यात भूछत्राची गोष्ट काढावी. पावसापासून वाचण्यासाठी आधी मुंगी, मग फुलपाखरू, उंदीर, चिमणी आणि शेवटी ससाही एकाच भूछत्राखाली मावतात. आधी एकट्या मुंगीलाही जेमतेम जागा होती, मग एवढे सगळे मावले कसे? उत्तर सांगण्यापूर्वी रात्री एका वाटीत काठोकाठ कोरडे हरभरे मोजून घ्यावेत आणि मोठ्या पातेल्यात भिजत घालावेत. सकाळी ते त्याच वाटीत मावत नाहीत. पाणी पिऊन हरभरा फुगतो, तसेच जमिनीखाली आधीच तयार असलेले इवलेसे भूछत्र पाऊस लागताच पाणी शोषून भराभर मोठे होते. छत्तीसगढच्या बाजारांत पावसाळ्यात रानातली अळंबी विकायला येते, तेव्हा मुलाला ती दाखवावी. अंगणातल्या वा मैदानातल्या भूछत्रांना मात्र हात लावू देऊ नये. त्यांतली विषारी कोणती हे ओळखणे जाणत्यांनाही अवघड जाते. उरलेल्या हरभऱ्यांची उसळ करावी, हे सांगणे नलगे.

परीक्षेचे सावट

भिलाई हे शिक्षणाची हौस असलेले गाव आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांची तयारी येथे वर्षानुवर्षे जोमाने चालत आली आणि २०१६ मध्ये भारतीय प्रौद्योगिकी संस्थाही येथे सुरू झाली. ही अभिमानाचीच बाब होय. तिचा एक तोटाही आहे. परीक्षेचे सावट दहावी-बारावीवरून सरकत सरकत शिशुवर्गापर्यंत येते. चार वर्षांच्या मुलाच्या हाती चित्रपुस्तक दिसले की ‘यातून हे काय शिकले?’ असा प्रश्न पाहुणेही विचारू लागतात, आणि मग आई मुलाला त्यांच्यासमोर उभे करून गोष्ट म्हणून दाखवायला लावते. पुस्तकाची गोडी मारण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. ज्या मुलाला गोष्ट पाठ म्हणून दाखवावी लागते, ते पुढच्या वेळी पुस्तक आपणहून काढत नाही.

एप्रिल २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद असताना छत्तीसगढ शासनाने ‘पढई तुंहर दुआर’, म्हणजे शिक्षण तुमच्या दारी, हा ऑनलाइन उपक्रम सुरू केला. मोठ्या मुलांसाठी ती सोय होती. लहानग्यांच्या बाबतीत मात्र पालकांना त्या काळात चांगलेच उमगले की मुलाला पडद्यासमोर बसविता येते, पण पडद्याशी बोलते करता येत नाही. पडदा मुलाचे उत्तर ऐकून थांबत नाही. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकविण्याचा आग्रह धरला. भिलाईच्या शाळेत मराठीतून शिकण्याची अपेक्षा कुणी करणार नाही. घरी, रात्री जेवणानंतर, दहा-पंधरा मिनिटे मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही.

मूल कंटाळले तर पुस्तक मिटावे. तीच गोष्ट सलग आठ दिवस मागितली तर आठही दिवस सांगावी. मोठ्यांना याचा वैताग येतो, हे खरे, पण मुलाला त्या पुनरुक्तीतच पुढे काय होणार हे ठाऊक असण्याचा आनंद मिळतो. नवव्या दिवशी सांगताना मुद्दाम चूक करावी. उंदराऐवजी हत्तीने पेन्सिल पळविली म्हणावे. मुलाचा निषेध ऐकण्यासारखा असतो, आणि तो लांबलचक वाक्यांत येतो.

मराठीतूनच सुरुवात करावयाची असेल त्यांनी माधुरी पुरंदरे यांची पुस्तके जवळ करावीत. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेले त्यांचे ‘चित्रवाचन’ तर नावापासूनच या विषयाचे आहे. ‘राधाचं घर’ या संचात आई, बाबा, आजी, आजोबा, काका अशी घरातली माणसेच एकेका पुस्तकाचा विषय झाली आहेत. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. नागपूरला जाणे-येणे असतेच. परतताना संत्र्यांच्या पेटीवर एखादे पुस्तक ठेवायला फारशी जागा लागत नाही.

शेवटचा उपक्रम मुलाने स्वतःचे पुस्तक करण्याचा. दिनदर्शिकेचे एक पान घ्यावे, तीनदा घडी घालून कापावे, मधोमध सुईदोऱ्याने दोन टाके घालावेत की सोळा पानांची वही तयार. विषय भोवतालचा असावा. भिलाईच्या मुलाला ‘बाबांची रात्रपाळी’ हा विषय सुचविला तर चित्रे भराभर सुचतात. संध्याकाळी डबा भरणारी आई, हेल्मेट, अंधारात निघालेली स्कूटर, सकाळी सगळे उठत असताना झोपायला जाणारे बाबा, दुपारी पडदे ओढलेली खोली. मजकूर मुलाने सांगावा आणि मोठ्यांनी जसाच्या तसा लिहावा, हिंदी-मराठीची सरमिसळ झाली तरी न सुधारता. दोन्ही भाषांची लिपी एकच असल्याने लिहिणाऱ्याची सोयच होते. एखाद्या पानावर दाराबाहेर खेळणारी मुले असतील आणि त्यांच्याकडे पाहून आजी ओठांवर बोट ठेवून उभी असेल. तिच्या तोंडून काय निघाले, ते मुलालाच विचारून लिहावे.